होळीपर्यंत

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला आणि आज अनीशने कॅनडातून फोन करून माझ्या तोंडची चव घालवली. सलोनीचा, त्याच्या बायकोचा, व्हिसा अडकलाय, अडकलाय म्हणून वर्षभर सांगत होता, तो कुठेही अडकलेला नाही. यानं अर्जच केलेला नाही. तिकडे अपूर्वा नावाची पुण्याची मुलगी आहे, तिच्याबरोबर राहतो. म्हणाला, "आई, सलोनीला तूच सांग, मला नाही जमणार." लहानपणापासून हा असाच. शेजाऱ्यांची काच फोडायची आणि घरात येऊन माझ्या पदरामागे उभं राहायचं.

मी रडले, त्याला नाही नाही ते बोलले, आणि मग चूल पेटवायच्या आधी जरा शांतपणे विचार केला. हे (म्हणजे आमचे उल्हासराव) रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आम्ही वृंदावन योजनेतल्या या घराचा वरचा मजला पाहुण्यांसाठी काढला. अयोध्या आणि काशी करायला निघालेली मराठी माणसं मध्ये दोन दिवस लखनौला उतरतात. त्यांना घरचं वरण-भात-तूप मिळतं, आणि सून गाडी चालवत त्यांना इमामबाडा, रेसिडेन्सी, चौक सगळं दाखवते. यंदा तर कुंभ आहे, नोव्हेंबरपासून खोल्या भरल्यात. पाटीवर 'मराठी मुक्काम'च्या खाली नाव माझं असलं तरी धंदा सलोनीच्या जिवावर चाललाय. हे मी इथे लिहीन, तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. ती उद्या रडत जानकीपुरमला आपल्या माहेरी गेली तर मी साठीच्या उंबरठ्यावर स्टेअरिंग धरू का?

अनीशला सांगितलं, होळीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सीझन संपला की मी बघते. शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा खूश झाला.

यांनाही सांगावं लागलं. ऐकून म्हणाले, "मीनाक्षी, हे पाप आहे." म्हटलं, पाप-पुण्याचं होळीनंतर बघू. तेव्हा उठून गच्चीवर गेले आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत बसले.

२० ऑक्टोबर

आज करवा चौथ. आपल्यात नसतो, पण सलोनी इथली श्रीवास्तवांची, तिने दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाही. तशाही अवस्थेत माझ्याबरोबर चकल्या तळल्या. मला वाईट वाटलं नाही असं नाही. दुपारी एकदा म्हटलंसुद्धा, अगं, चहा घे, देव काही बघत नाही. तर म्हणाली, "नहीं आई, उनके लिए है."

चंद्र उगवल्यावर चाळणीतून नवऱ्याचं तोंड बघायचं असतं. अनीशला व्हिडिओ कॉल लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, कापला. पोरगी लाल साडीत चाळणी धरून उभी. शेवटी मी माझ्या फोनवर त्याचा लग्नातला फोटो उघडून समोर धरला आणि म्हटलं, त्याची मीटिंग असेल, यालाच बघ. तिने बघितलं आणि माझ्या हातून पाणी प्यायली.

यांना फोटो काढायला सांगितला होता, तर हे फोन माझ्या हातात देऊन आत गेले. मग तिला पुन्हा चाळणी धरून उभं केलं आणि मीच काढला. चंद्र, चाळणी, साडी, सगळं सुरेख आलंय. आपल्या व्हॉट्सअपच्या जाहिरातीत टाकला, खाली लिहिलं, 'लखनौच्या सणांचा घरगुती अनुभव'. रात्रीपर्यंत तिघांनी चौकशी केली.

३ नोव्हेंबर

भाऊबीज, म्हणजे इथली भैयादूज. सलोनीला माहेरी सोडायला हे स्वतः गाडी घेऊन गेले. जाऊन-येऊन तासाभराचं काम, हे परतले दुपार टळल्यावर. डोळे लाल. फटाक्यांचा धूर फार होता म्हणाले. इतका काही नव्हता. जेवायला नको म्हणाले.

५ नोव्हेंबर

सलोनी आज आली. मला धाकधूक होती की माहेरचे व्हिसाबद्दल कान भरतील, राहून जाईल. पण पोरगी शहाणी आहे. आल्या आल्या पदर खोचून पाहुण्यांच्या चादरी बदलायला लागली. व्हिसाचा विषयही नाही काढला. एरवी रोज विचारायची. फक्त सामान वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. पाहुण्यांना पहाटे उठवायला सोपं पडतं म्हणाली. मला पटलं.

१९ नोव्हेंबर

आज मला जी कल्पना सुचली तिच्याबद्दल माझी पाठ मीच थोपटून घेते.

औरंगाबादचं मंडळ उतरलंय. अयोध्या करून आलेले, थकलेले, जेवताना कुणी कुणाशी बोलेना. तेव्हा मी म्हटलं, आमची सून लखनवी आहे, पण नाव घेते बरं का. एकदम जान आली. बायकांनी धोशा लावला. सलोनीने लग्नात पाठ केलेला एकच उखाणा होता, तो ती अडखळत म्हणाली, आणि तिच्या त्या हिंदी हेलावर सगळे जे हसलेत! हसता हसता एका काकांना ठसका लागला. मी तिला परत म्हणायला लावलं. परत हसले.

पोरगी जरा गोरीमोरी झाली होती. पण मी तिला नंतर समजावलं की हे प्रेमाने हसतात. आता रोज जेवणानंतर उखाणा ठेवायचा. इमामबाडा काय, सगळेच दाखवतात. असं घरचं काही दुसरीकडे मिळणार नाही.

८ डिसेंबर

धंदा जोरात. थंडी पडल्यावर सलोनी पाहुण्यांना भल्या पहाटे चौकात मक्खन मलाई खायला नेते. दुधाचा फेस नुसता, तोंडात घालेपर्यंत विरतो, पण लोक वेडे होतात. इमामबाड्याच्या दिवाणखान्यात एका टोकाला ती कागद टराटरा फाडते आणि पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या नाशिकच्या मावशींना तो कानाशी फाडल्यासारखा ऐकू येतो. शुद्ध शाकाहारी म्हणून मिरवणारे दोघे काल तिच्याकडून हळूच कबाबच्या दुकानाचा पत्ता घेऊन गेले. परत आल्यावर ताकभात मागितला त्यांनी!

संध्याकाळच्या कार्यक्रमात मी आता गोष्टही घातली आहे. अनीशने सलोनीला पहिल्यांदा कुठे पाहिलं, मी कसा विरोध केला (ते थोडं वाढवून सांगते, रंगत येते), तिने माझ्यासाठी यूट्यूबवर बघून पुरणपोळी कशी केली आणि ती कशी फाटली. गोष्ट संपली की उखाणा. सलोनीच आठवण करते, "आई, गोष्ट सांगा ना." पूर्वी लाजायची, आता पुढे होऊन बसते. उखाणे स्वतः रचते. परवाचा, 'गोमतीच्या पाण्यावर संध्याकाळची छाया, अनीशरावांच्या नावावर माझी सारी माया.' कुणी म्हणेल का ही बाहेरची आहे?

एकच खोड आहे. नाव घेताना पाहुण्यांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहते. ओळी विसरायची भीती वाटत असावी. मंगळसूत्रही पाहुणे आले की घालते, गेले की काढून फ्रिजवर ठेवते. एकदा रागावले, तर म्हणाली, काम करताना अडकतं. हल्लीच्या मुली.

२२ डिसेंबर

आज सलोनीने कमाल केली. कोल्हापूरचे लोक होते, इमामबाड्याचा भुलभुलैया बघून आलेले. ती उभी राहिली आणि म्हणाली,

'भुलभुलैयाच्या भिंतीत वाटा हजार,
अनीशराव सापडेनात, शोधून मी बेजार.'

हशा आणि टाळ्या. मीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हे मात्र ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर फाटकाशी जाऊन उभे राहिले. यांना विनोद कळत नाही. छत्तीस वर्षं बघतेय.

५ जानेवारी २०२५

देवा, वाचवलंस.

पुण्याच्या मंजिरी सबनीस आणि त्यांचे यजमान आलेत. आपल्या लोकांची रीत, आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की नातं, आणि नातं सापडेपर्यंत घास घशाखाली जात नाही. आम्ही मोकाशी, मूळ साताऱ्याचे, एवढं कळल्यावर बाई विचार करत बसल्या. सलोनीने नुकतंच नाव घेतलं होतं. मी ताक वाढत होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कॅलगरीला माझा भाचा आहे, सुजय. त्याच्याकडे सत्यनारायणाला एक अनीश मोकाशी जोडप्यानं बसले होते. फोटो आहे माझ्याकडे." आणि फोन काढून शोधायला लागल्या.

माझ्या हातातलं ताक खाली सांडलं. जोडप्यानं. म्हणजे शेजारी पाटावर बसून, त्याच्या हाताला हात लावून ती बया पूजा करत होती. मला हे अनीशने सांगितलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, अहो, आमचा टोरोंटोला असतो, दुसरा कुणीतरी अनीश असेल.

मंजिरीताईंनी फोन पुढे केला तो नेमका सलोनीच्या हातात. तिने नीट बघितला. बोटांनी मोठा करूनही बघितला. आणि शांतपणे मराठीत म्हणाली, "हो, दुसराच असेल. आई खोटं कशाला सांगतील?" मग तिने फडकं आणून माझ्या पायाशी सांडलेलं ताक पुसलं.

फोटो लहान होता, चेहरा ओळखू आला नसणार. नाहीतर कुठली बाई इतकी शांत राहील?

७ जानेवारी

अनीशचा फोन. मी सत्यनारायणावरून झाडणार होते, त्याने तोंडच उघडू दिलं नाही. अपूर्वाला दिवस गेलेत. मे महिन्यात बाळ येणार. तिच्या आईवडलांनी निक्षून सांगितलंय की त्याआधी लग्न व्हायला हवं, नाहीतर ते मुलीला पुण्याला नेतील आणि बाळाचं तोंड आम्हाला दिसणार नाही. म्हणजे सलोनीची घटस्फोटाच्या कागदावर सही हवी, आणि आता हवी. दोघांची संमती असली तर कोर्ट सहा महिन्यांची मुदत माफ करतं म्हणे.

मी आजी होणार. हे लिहिताना हात थांबला. नातवंडासाठी मी किती वर्षं झुरले ते माझं मला माहीत. सलोनीला दोनदा दिवस राहिले आणि टिकलं नाही, तेव्हा मी तिला काय काय बोलले होते ते आता आठवायचं नाही.

होळीची वाट बघून चालणार नाही. उद्या सांगते तिला. सीझन गेला तर गेला.

८ जानेवारी

सांगितलं.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी शेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जेवढं हळुवारपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. आत्ताच कळलं असं म्हटलं. बाळाचंही सांगितलं. ती मटार सोलत राहिली. रडली नाही. मी म्हटलं, तूही तरुण आहेस, तुझंही आयुष्य आहे, सही करून मोकळी हो.

ती म्हणाली, "आई, मला भाऊबीजेपासून माहीत आहे. बाबांनी गाडीत सांगितलं."

बाबा म्हणजे हे. छत्तीस वर्षं ज्या माणसाने मला विचारल्याशिवाय भाजीही आणली नाही, त्याने हे केलं. विचारलं, मग तू का राहिलीस? माहीत असून रोज नाव का घेत होतीस?

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. रोज नाव घेताना तुमच्या तोंडाकडे बघायचे. वाटायचं, आज तरी म्हणतील, राहू दे सलोनी, आज नको. एकदाही नाही म्हणालात."

एवढं सलग मराठी ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. एकही चूक नाही. पाहुण्यांकडून शिकली.

मी तरातरा यांच्याकडे गेले. हे गच्चीवर खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी वाट्टेल ते बोलले. हे एवढंच म्हणाले, की करवा चौथच्या दिवशी तू त्या पोरीला पाणी पाजलंस, तेव्हापासून मला तुझ्या हातचं पाणी जात नाही. काय माणूस आहे! मी कुणासाठी केलं सगळं?

९ जानेवारी

आज मी तिच्या हातापाया पडले. खरोखर पडले, लिहायला लाज कसली. म्हटलं, काय हवं ते माग. दागिने ठेव, सगळे ठेव.

तिला काही नको. सही करणार आहे, पण होळीला. म्हणाली, सीझन तुम्ही ठरवला होता, मी मोडणार नाही. गाडी चालवीन, पाहुण्यांना सगळं दाखवीन. संध्याकाळी उखाणा बंद. गोष्ट मात्र चालू ठेवायची, आणि ती तुम्हीच सांगायची. पूर्ण. अनीशने दसऱ्यानंतर फोन केला इथपासून. करवा चौथही. तुम्हाला माहीत होतं आणि मला नाव घ्यायला लावलंत, हेही. आलेल्या प्रत्येक मंडळासमोर. एकदा जरी टाळलंत तर सही नाही, मग मे येवो की जून.

मी म्हटलं, घरातल्या गोष्टी अशा परक्यांना कोण सांगतं?

ती म्हणाली, "तुम्हीच सांगत होतात."

इतकी दुष्ट मुलगी मी आयुष्यात पाहिली नाही. आणि हिला मी लेकीसारखं वागवलं.

११ जानेवारी

आज पहिली वेळ. नागपूरचे लोक, कुंभाला निघालेले. मी स्वयंपाक चांगला केला होता, खीर केली होती. मनात होतं, सगळं दोन वाक्यांत उरकू. अलीकडे मुलाचं आणि सुनेचं जरा बिनसलंय, असं म्हणून मी पुढे जाणार, तर सलोनी खीर वाढता वाढता हळूच म्हणाली, "आई, मधलं राहिलं."

मग सांगितलं. फोटोसाठी तिला चाळणी धरून उभं केलं ते सांगितलं. कॅनडात तो दुसरीबरोबर पूजेला बसतो आणि इथे हिचा उखाणा ऐकून मी हसले, तेही. मला वाटलं होतं, आईची बाजू कुणीतरी समजून घेईल. आई झाल्याशिवाय कळत नाही. पण चार लेकरांच्या आयाही ताटाकडे बघत बसल्या. एका बाईंनी खिरीची वाटी न शिवता बाजूला सरकवली. कुणीतरी विचारलं की मग तुम्हाला पोरीची कीव नाही का आली. मी म्हटलं, आली होती. खरंच आली होती. पण ते काही कुणाला खरं वाटलं नाही.

हे कधी पाहुण्यांत बसत नाहीत. आज आतून खुर्ची आणली, माझ्या बरोब्बर समोर मांडली आणि शेवटपर्यंत ऐकत बसले.

१४ जानेवारी

संक्रांत. आज सांगलीचे होते. तिळगूळ दिला, गोष्ट सांगितली. आता थोडी सवय होईल असं वाटत होतं, होत नाही. आज एका म्हातारबुवांनी हात जोडून मला थांबवलं, पुरे म्हणाले. मी सलोनीकडे बघितलं. तिने मान हलवली. मी पुढे सांगितलं.

अनीशचा फोन आला होता, सही झाली का विचारायला. मी इकडे काय करते ते त्याला सांगितलं नाही. त्याला सहन व्हायचं नाही. बाळाची सोनोग्राफी पाठवली आहे. काही कळत नाही त्यात, तरी मी चष्मा लावून कितीदा पाहिली.

१९ जानेवारी

आज नागपूरचे ते लोक कुंभ आणि अयोध्या करून परतताना गाडी बदलायला लखनौला थांबले होते. सलोनीला भेटायला म्हणून घरी आले. तिच्यासाठी संत्र्याची बर्फी आणली, तिच्याबरोबर फोटो काढले. माझ्याशी बोलले नाहीत. निघताना खीर सरकवणाऱ्या बाई मात्र दारात थांबल्या आणि म्हणाल्या की आमच्या अख्ख्या सहलीत काशी, प्रयाग, शरयू सगळं झालं, पण घरी गेल्यावर लोकांना सांगावंसं वाटेल ते तुमच्याकडचंच.

मला वाटलं, टोमणा असेल. सोडून दिलं.

दुपारी फोन वाजला. जळगावच्या कुणी विचारत होत्या. मराठी मुक्काम हाच का. हो म्हटलं. जेवण घरचं असतं ना, इमामबाडा दाखवता ना, हो, हो. मग जरा घुटमळल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि त्या सासूबाई... त्या स्वतः सांगतात ना? आम्ही ऐकलंय फार. बारा जणी आहोत. मुद्दाम तुमच्याकडेच उतरणार आहोत."

सलोनी समोर चादरींच्या घड्या घालत उभी होती. मी फोनवर हात ठेवला आणि काय सांगू असं तिला विचारलं. तिने विचारलं, कितव्या तारखेला येतायत.

मी विचारून घेतलं. त्या दिवशी दुसरं मंडळ होतं, पण जळगावच्या म्हणाल्या की आम्ही खाली सतरंजीवर बसू, फक्त गोष्टीच्या वेळी हवं. मी बरं म्हटलं. संध्याकाळपर्यंत असे आणखी दोन फोन आले, आणि आता होळीपर्यंत एकही संध्याकाळ मोकळी नाही.